दोन श्रावण

मास्तर: सिस्टर, कामरगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत तुम्ही एवढी बाळंतपणं केलीत, तरी माझं एक म्हणणं तुम्हाला कधी पटलं नाही. बाळंतपणाची वेळ आई ठरवत नाही, बाळ ठरवतं. ग्रीकांचा हिपॉक्रेटिस साधारण हेच म्हणायचा. पोटात खायला पुरेनासं झालं की बाळ पाय झाडतं, पडदे फाडतं आणि बाहेर येतं. कारण त्याने चुकीचं दिलं, पण दिशा बरोबर होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर काम केलं. गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराची पिट्यूटरी ग्रंथी त्यांनी जाळून टाकली, तर वेळ उलटून गेली तरी मेंढी व्यायलीच नाही. कोकरू आत वाढतच राहिलं. उलट पोटातल्या कोकराला कॉर्टिसॉल दिलं, तर मेंढी दिवस भरायच्या आधीच व्याली. अमेरिकेतल्या आयडाहोत तर निसर्गानेच हा प्रयोग करून ठेवला होता. तिथल्या डोंगराळ कुरणात एक विषारी वनस्पती उगवते. मेंढीने ती गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवशी खाल्ली, तर कोकरू कपाळावर एकच डोळा घेऊन घडतं, आणि त्यातल्या काही मेंढ्या वेळेवर वितच नाहीत. मेंदूची घडण बिघडली, मग निरोप कोण धाडणार? बाळाचा मेंदू, तिथून पिट्यूटरी, तिथून मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी, तिचं कॉर्टिसॉल. ते वारेला सांगतं की प्रोजेस्टेरॉन कमी कर, इस्ट्रोजेन वाढव. प्रोजेस्टेरॉनने इतके दिवस पिशवीला निजवून ठेवलेलं असतं. ते उतरलं की पिशवी जागी होते. मला सगळ्यात थोर वाटतं ते पुढचंच. तेच कॉर्टिसॉल बाळाची फुप्फुसंही पक्की करतं. श्वास घ्यायची तयारी आणि बाहेर पडायचा हुकूम, दोन्ही कागद एकाच सहीने निघतात.

सिस्टर: मेंढीचं खरं असेल. माझ्याकडे मेंढ्या आल्या नाहीत, बायका आल्या. तेव्हा तुमची साखळी बाईला लावून पाहते. पहिलं तुमचं प्रोजेस्टेरॉन. आमच्या एका प्रशिक्षणात हाच प्रश्न निघाला होता, आणि उत्तर मिळालं की बाईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कळा सुरू व्हायच्या आधी उतरतच नाही. वार पडेपर्यंत ते चढलेलंच असतं. मग पिशवी जागी कशी झाली? दुसरं, मेंदू. सगळ्या नोकरीत मी दोन बाळं अशी पाहिली, ज्यांना डोळ्यांच्या वर डोकंच नव्हतं. तुमच्या हिशेबाने त्या दोघी बाळंतच व्हायला नको होत्या. एकीचे दिवस उलटून गेले होते, ते तुमच्या बाजूने धरा. पण दुसरी आठव्यातच झाली. पोटात पाणी फार होतं, पिशवी फुग्यासारखी ताणलेली. त्या बाळाने निरोप धाडला नव्हता, धाडायला काही नव्हतंच. तरी पिशवीने तिचं काम केलं.

आणि त्या बाळांचा विषय निघालाच आहे तर सांगते. मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात. बाई तेव्हा सोयाबीनच्या निंदणाला जात असते, तिला वाटतं कामाच्या दगदगीने पाळी लांबली. ती नाव नोंदवायला येते तिसऱ्या महिन्यात, कधी चौथ्यात. तेव्हा मी तिला फोलिक ॲसिडच्या गोळ्या देते आणि कार्डावर खूण करते. मास्तर, दार केव्हाच लागून गेलेलं असतं. ती गोळी खरी लागते दिवस जायच्या आधी. तुमचं शास्त्र म्हणतं, अमुक दिवशी अमुक घडतं. माझा प्रश्न एवढाच असतो की आज कितवा दिवस आहे.

मास्तर: दोन्ही आक्षेप खरे. मेंढीवरून सरळ माणसावर उडी मारता येत नाही, हे लिगिन्सनाही कळत होतं. पण प्रोजेस्टेरॉनचं कोडं तुम्ही समजता तसं नाही. रक्तात ते तेवढंच राहतं, पण पिशवीच्या स्नायूंनी त्याचं ऐकणं सोडलेलं असतं. घरात म्हातारा बोलतच असतो, पोरं ऐकत नाहीत, तसं. स्नायूंच्या पेशींत हा संदेश घेणारे दोन प्रकारचे ग्राही असतात, आणि दिवस भरत आले की त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. पुरावा हवा असेल तर मिफेप्रिस्टोनची गोळी घ्या. ती प्रोजेस्टेरॉन कमी करत नाही, नुसते त्याचे कान बंद करते, आणि पिशवी जागी होते.

बाळाचा हातही माणसात सुटत नाही. पोटातल्या बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी त्याच्या अंगाच्या मानाने केवढ्या मोठ्या असतात! जवळजवळ त्याच्या मूत्रपिंडाएवढ्या. जन्मल्यावर काही आठवड्यांत त्या आक्रसून जातात, म्हणजे ती सगळी यंत्रणा पोटातल्या मुक्कामापुरतीच होती. तिथे एक कच्चा माल तयार होतो, आणि वार त्याचं इस्ट्रोजेन बनवते. वारेला तो कच्चा माल स्वतः करता येत नाही, बाळाला पक्का करता येत नाही. कापूस शेतात आणि सरकी निघायची ती जिनिंगमध्ये, असा कारभार आहे. त्या इस्ट्रोजेनने पिशवीच्या पेशीपेशींमध्ये जोडण्या तयार होतात, म्हणजे एकीला आलेली कळ सगळ्यांना पोचते. ऑक्सिटोसिन ओळखणारे ग्राही वाढतात. गर्भाशयाचं तोंड मऊ पडतं, त्यात प्रोस्टाग्लँडिनांचा मोठा वाटा. शिवाय माणसाच्या वारेत एक घड्याळ आहे. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या रॉजर स्मिथ यांच्या गटाने दाखवलं की वारेतून सी.आर.एच. नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं आणि महिन्यामहिन्याने चढत जातं. ज्या बायका पुढे अवेळी बाळंत झाल्या, त्यांचं ते चौथ्या-पाचव्या महिन्यातच चढं होतं. ज्यांचे दिवस उलटले, त्यांचं कमी. कॉर्टिसॉल एरवी या संप्रेरकाला दाबतं, वारेत मात्र ते त्याला आणखी चेतवतं. आगीत तेल. म्हणून शेवटच्या आठवड्यांत सगळं एकदम वेग घेतं.

सिस्टर: आता घड्याळ वारेत गेलं. मघाशी ते बाळाच्या मेंदूत होतं. मग मला सांगा, वार कुणाची?

मास्तर: बाळाची. ज्या एका पेशीपासून बाळ झालं, तिच्याचपासून वार झाली.

सिस्टर: पुस्तकात बाळाची. पण ती रुजते आईच्या पिशवीत, आईच्या रक्तावर जगते, आणि सुटली नाही तर आईचा जीव घेते. आमच्या म्हाताऱ्या दाया वार पडल्याशिवाय बाळंतीण सुटली असं म्हणत नसत. वार अंगणात पुरायच्या, तेव्हाही ती अर्धी घरची, अर्धी बाळाची, अशीच भावना. तुम्ही म्हणता कॉर्टिसॉलने घड्याळ पुढे पळतं. कॉर्टिसॉल काय एकट्या बाळालाच असतं? आईला नाही? जिचा नवरा कर्जापायी रात्र रात्र जागतो, जी नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचते, तिच्या अंगात ते कमी असेल का?

मास्तर: आईचं कॉर्टिसॉल वार बऱ्याच अंशी अडवते, निकामी करते. बाळापर्यंत फार थोडं जातं.

सिस्टर: बाळापर्यंत नसेल जात, वारेपर्यंत तर जातं ना? आणि घड्याळ वारेतच आहे म्हणता. पुढे ऐका. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला, ताप आला, की कळा सुरू होतात, हे मी शेकड्याने पाहिलंय. तिथे वेळ जंतूंनी ठरवली. जुळी असली की लवकर होतात. तिथे पिशवीच्या ताणाने ठरवली. बाळ, वार, आई, जंतू, ताण, एवढे सगळे दार ठोठावतात, आणि तुम्ही म्हणता मालक एकच. मला वाटतं तुम्हाला मालक हवाच आहे. शाळेत घंटा वाजवणारा एक शिपाई असतो ना, तशी तुम्हाला सवय.

मास्तर: लागलं बरं का हे. पण हा वाद नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अशीच एक सभा भरली आहे. गर्भाचा कोणता अवयव आधी होतो? शौनक म्हणतो डोकं, कारण सगळ्या इंद्रियांचं मूळ तिथे. कृतवीर्य म्हणतो हृदय. पाराशर्य म्हणतो नाभी, कारण तिथूनच देह वाढतो. मार्कंडेय हात-पाय धरतो, सुभूती गौतम धड. प्रत्येकाकडे चांगलं कारण आहे. शेवटी धन्वंतरी म्हणतात, सगळे एकदमच होतात, फार बारीक असल्याने दिसत नाहीत, बांबूच्या कोंबासारखे किंवा आंब्यासारखे. पिकलेल्या आंब्यात कोय, गर, रेषा वेगवेगळ्या दिसतात. कोवळ्या कैरीतही त्या असतातच, वेगळ्या काढता येत नाहीत एवढंच. आजच्या भ्रूणशास्त्राने त्याला क्रम लावला. हृदय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच धडधडू लागतं, फुप्फुसं सगळ्यात शेवटी पक्की होतात. पण त्या उत्तरातली जाण मला आजही...

सिस्टर: थांबा. सुश्रुताचं हे मानलं, तर ‘बाळ ठरवतं’ हे गेलंच ना? सगळं एकदम होतं, पहिला कुणीच नाही.

मास्तर: गेलं असं नाही म्हणणार. मेंढीत पहिला आहे. कोकराची ग्रंथी काढली की प्रसूती थांबते, याहून स्वच्छ उत्तर शास्त्रात क्वचित मिळतं. बाईत पहिला सापडलेला नाही, एवढं कबूल करतो. सापडलेला नाही आणि नाहीच, यात फरक आहे, सिस्टर.

(लिहिणाऱ्याने मध्ये बोलू नये, पण या जागी मला मास्तरांपेक्षा सिस्टर जास्त शास्त्रीय वाटल्या. पुरावा दाखवल्याशिवाय त्या कुणालाच मालक करायला तयार नव्हत्या, बाळालाही नाही.)

सिस्टर: फरक असेल. तो शोधायला तुमच्याकडे वेळ आहे. माझ्याकडे रात्री दोन वाजता नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, सिस्टर, सुई मारा अन् मोकळं करा. गावापर्यंत तुमच्या सगळ्या संप्रेरकांतलं एकच पोचलंय, ऑक्सिटोसिन. ते बाईच्या आधी म्हशीला माहीत झालं. पान्हा सोडत नाही, द्या सुई. मग माणसं विचारतात, म्हशीला चालतं तर बाईला का नाही? गल्लीतले डॉक्टर म्हणवणारे दंडात मारूनही जायचे. तोंड उघडलेलं नाही, बाळ आडवं, आणि पिशवी मात्र थांबायचं नाव घेत नाही. बाळ गुदमरतं, कधी पिशवीच फाटते. शिरेतून थेंब मोजून, कळा मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं औषध ते. आणि तेच औषध बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात १० युनिट दिलं, की पिशवी गोळ्यासारखी घट्ट होते आणि अंगावरून जाणं थांबतं. एकच कुपी. बाळ आत असताना धाक, बाहेर आल्यावर आधार. मध्ये फार तर अर्ध्या तासाचं अंतर. म्हणून म्हणते, औषध कोणतं हा प्रश्न सोपा असतो. केव्हा, हा अवघड.

मास्तर: आणि गंमत बघा, ते कळांचं औषध आहे म्हणून कळांचं कारणही तेच, असं सगळ्यांना वाटतं. १९०६ साली हेन्री डेल यांना दिसलं की पिट्यूटरीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. १९५३ मध्ये विन्सेंट द्यू विन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांचा तो रेणू प्रयोगशाळेत जोडला, १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण १९९६ मध्ये ऑक्सिटोसिनचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरिणी तयार केल्या, तर त्या व्यवस्थित व्याल्या! पिल्लांना दूध मात्र पाजू शकल्या नाहीत. म्हणजे म्हशीवाल्यांना जे कळलं होतं तेच या उंदरिणींतही दिसलं.

सिस्टर: म्हशीवाल्यांमुळे आमची पंचाईत झाली ते विसरलात. २०१८ मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन करायलाच बंदी घातली, एकट्या बंगळूरच्या सरकारी कारखान्यावर भार टाकला. दूध काढायला गैरवापर होतो म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पण मधल्या काळात आम्हाला एकच काळजी. म्हशीचा चोर पकडायला निघालात, त्यात बाळंतिणीचं औषध तर तुटणार नाही ना? आणि ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, दोन ते आठ अंशांत. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यात लाइट जाते.

मास्तर: म्हणून तर बेळगावचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. तिथल्या खेड्यांत १,६२० बायकांवर अभ्यास झाला. बाळ झाल्यावर निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या. मिसोप्रोस्टॉल म्हणजे प्रोस्टाग्लँडिनचंच एक रूप, त्याला फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. जास्तीचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आणि गोळ्या दिल्या कुणी? तुमच्यासारख्या सिस्टरांनी. ज्ञान खेड्यापर्यंत पोचतच नाही, असं म्हणता येणार नाही.

सिस्टर: पोचतं, आणि तेव्हा मला आनंदच होतो. पण बघा, ती गोळी का चालली? बाळ बाहेर आलेलं डोळ्यांना दिसतं. तिथे ‘केव्हा’ला शंका नाही. शंका असते ती त्याच्या आधीच्या सगळ्या कामात. माझी आई म्हणायची, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. अजून म्हणतात. मी आठव्यातली शेकडो जगवली, तरी म्हणतात.

मास्तर: ते नुसतं आपल्याकडेच नाही. हिपॉक्रेटिसच्या नावावर आठमाशी बाळावर एक अख्खा ग्रंथ आहे. आपल्या आयुर्वेदातही आठव्या महिन्यात ओज स्थिर नसतं, आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे जातं-येतं, म्हणून तेव्हाचा जन्म धोक्याचा असं सांगितलं आहे. शास्त्राच्या दृष्टीने हे उलटं आहे. फुप्फुसातल्या पिशव्या मिटू नयेत म्हणून साबणासारखं एक द्रव्य लागतं, सर्फॅक्टंट. ते ३४ आठवड्यांच्या सुमाराला पुरेसं होतं. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं की लवकर जन्मलेली बाळं धापा टाकून दगावतात, ती हे द्रव्य नसल्यामुळे. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच बरं. आपल्या कारंज्याच्या नृसिंह सरस्वतींनी, गुरुचरित्र म्हणतं, जन्मताच ॐकार उच्चारला. त्या ॐकारालाही सर्फॅक्टंट लागलंच असणार.

सिस्टर: असं देवळात बोलू नका. माझ्याकडे बाळ जन्मल्यावर जोरात रडलं की मला तोच ॐकार. पण सातव्यातलं जगतं हे म्हणणं आलं कुठून, ते मला नोकरीत कळलं. लग्नाला सात महिने झाले आणि घरात गुटगुटीत तीन किलोचं बाळ आलं, की ते सातव्यातलंच म्हणावं लागतं. ते कसं मरेल? खरं सातव्यातलं जन्मलं तर पूर्वी ते कार्डावर चढायच्या आधीच जायचं, त्याला कुणी मोजलंच नाही. आठव्यातली मेलेली तेवढी लक्षात राहिली. सगळी गडबड तारखेची.

मास्तर: हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. पण तारीख लोकांना अगदीच कळत नव्हती असंही नाही. आपण नऊ महिने नऊ दिवस म्हणतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस मोजतात, फरक फक्त दोन दिवसांचा. आणि गर्भ राहिल्यापासून सरासरी २६६ दिवस लागतात. नऊ चांद्रमास केले तर २६५.८. म्हणजे गर्भ जर पौर्णिमेला राहिला तर बाळ पौर्णिमेच्या आसपास. पंचांगावर दिवस मोजणाऱ्या समाजाला हे सहज दिसलं असणार.

सिस्टर: सरासरी. सरासरी बाई माझ्याकडे एकदाही आली नाही. दिलेल्या तारखेला बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाच.

मास्तर: पण चूक दोन-चार दिवसांची असली तर बिघडत नाही, सिस्टर. लिगिन्सच्या मेंढ्यांचं फळ बघा. वेळेआधी जन्मलेली ती कोकरं जगायला नको होती, तरी काही श्वास घेत राहिली. कॉर्टिसॉलने फुप्फुसं पक्की केली होती. त्यावरून लिगिन्स आणि हॉवी यांनी २८२ आयांवर प्रयोग केला, १९७२ मध्ये छापला. अवेळी कळा आलेल्या आईला स्टेरॉइडची सुई, आणि बाळं वाचू लागली. आईचं स्वतःचं कॉर्टिसॉल वार अडवते, ही सुई मात्र पार होते. नवजात बाळाला जगवण्यासाठी इतकं स्वस्त औषध दुसरं कोणतं? मेंढीच्या प्रयोगातून थेट तुमच्या ट्रेपर्यंत.

सिस्टर: माझ्या ट्रेपर्यंत ते २०१४ मध्ये आलं. आरोग्य मंत्रालयाची सूचना आली की २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या, तर डेक्सामेथासोनची पहिली सुई आमच्यासारख्या नर्सनेही द्यायची आणि मग पुढे पाठवायचं. मला अभिमान वाटला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मोठा अभ्यास बाहेर आला. सहा देश, जवळजवळ एक लाख जन्म. त्यात आपल्या नागपूरकडचा भाग होता आणि तुमचं बेळगावही. जिथे ही सुई खेडोपाडी वाढवली, तिथे फार लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि सगळी बाळं मिळून पाहिली तर मृत्यू हजारी २३.९ होते तिथे २७.४ झाले. वाढले, मास्तर. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त दिसली.

मास्तर: ते मी वाचलं आहे. त्यात ज्यांना सुई मिळाली, त्यातल्या बहुतेकींची बाळं तेवढी लहान नव्हतीच. ज्यांना गरज नव्हती त्यांना दिली गेली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अटी घातल्या, की आठवडे नक्की माहीत हवेत, आईला संसर्ग नको, बाळाला सांभाळायची सोय हवी. आणि २०२० मध्ये पाच देशांतल्या इस्पितळांत, भारत धरून, २,८५२ बायकांवर पुन्हा प्रयोग झाला. बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास आधीच थांबवला. म्हणजे शास्त्र चुकलं नव्हतं.

सिस्टर: शास्त्र चुकलं असं मी म्हणतच नाही. त्या इस्पितळांत सोनोग्राफीवरून आठवडे नक्की केलेले होते. आमच्याकडे रंगीत टेपने पोट मोजायचं. तीच सुई, तेच फुप्फुस. एका ठिकाणी वाचवते, दुसऱ्या ठिकाणी वाचवत नाही. मधे काय बदललं? तारीख माहीत असणं. बाळ, वार, आई यातलं कोण ठरवतं ते तुम्ही नंतर शोधा. मला आधी आजचा दिवस कितवा ते सांगा.

मास्तर: आता ते अवघड राहिलेलं नाही. आशा ताई घरोघर जाते, कार्ड आहे, तिसऱ्या महिन्याच्या आत सोनोग्राफी केली तर चार-पाच दिवसांच्या फरकाने तारीख कळते.

सिस्टर: केली तर. मी रिटायर व्हायच्या आधीचं सांगते. २०२४, होळीच्या चार दिवस आधी, २० मार्च. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. कार्ड सासरी राहिलेलं, सोनोग्राफी एकच, सातव्यात केलेली, तिचा कागदही तिकडेच. कळा सुरू. मी विचारलं, शेवटची पाळी कधी? म्हणाली, श्रावणात, पहिल्याच सोमवारी, उपास होता आणि पूजा करता आली नाही, म्हणून लक्षात आहे. मला बरं वाटलं, इतकी पक्की खूण कुणी देत नाही. मग तिची आई म्हणाली, कोणता श्रावण? त्या वर्षी दोन होते.

मास्तर: अधिक श्रावण! २०२३. १८ जुलैपासून धोंड्याचा महिना, आणि १७ ऑगस्टपासून निज श्रावण.

सिस्टर: पोरीने दोन्ही महिन्यांतले सोमवार धरलेले. आठ उपास. आई म्हणते धोंड्याला जावई आले होते त्याच्या आधी पाळी येऊन गेली. पोरगी म्हणते त्याच्या नंतर. सासूला फोन लावला, ती म्हणाली मला काय माहीत. मोजा तुम्ही.

मास्तर: अधिकातला पहिला सोमवार २४ जुलै. तिथून २० मार्चपर्यंत २४० दिवस. ३४ आठवडे आणि दोन दिवस. निज श्रावणातला पहिला सोमवार २१ ऑगस्ट, म्हणजे बरोबर चार आठवडे कमी. ३० आठवडे दोन दिवस. एका श्रावणाने सुई द्यायची, दुसऱ्याने द्यायची नाही. पोट मोजलं?

सिस्टर: तीस सेंटिमीटर.

मास्तर: मग तीस आठवडे. विसाव्यानंतर जेवढे आठवडे तेवढे सेंटिमीटर, तुम्हीच सांगितलं होतंत.

सिस्टर: पोटभर जेवणाऱ्या बाईत. हिचं वजन बेचाळीस किलो, हिमोग्लोबिन आठ. तीसच्या आईत तीसचं बाळ असेल, नाहीतर चौतीसच्या आईत न वाढलेलं बाळ असेल. टेप दोघांनाही तीसच म्हणते.

मास्तर: ताप होता?

सिस्टर: थोडा. नव्व्याण्णव. उन्हातून आलेली.

मास्तर: गाडी?

सिस्टर: १०८ ला फोन करून झाला होता. चाळीस मिनिटं म्हणाले. सुई भरलेली होती, ट्रेमध्ये.

मास्तर: मग दिली?

सिस्टर: आधी तुम्ही सांगा.

मास्तर: टेप पुन्हा लावून पाहिली असती.

सिस्टर: दोनदा लावली. दोन्ही वेळा तीस.